तू रस्ता का विचारत नव्हतास

प्रभाकर,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. गेल्या आठवड्यात विमलवहिनींनी तुझा लॅपटॉप माझ्याकडे पाठवून दिला. त्याच्या वायरी, ती काळी डबी, कागदात गुंडाळलेल्या नकाशांच्या सीडी चकत्या, सगळं एका कापडी पिशवीत घालून. सोबत चिठ्ठी होती: "भाऊजी, हे तुमच्याकडंच राहू द्या. इथं नजरेसमोर नको वाटतं." मी पिशवी कपाटावर ठेवली. सुरू कसा करायचा ते मला येतं, तूच शिकवलंस. पण अजून हात लावलेला नाही.

पुण्याच्या शोकसभेत तुझ्या खात्यातली माणसं चांगलं बोलली. शिस्त, सचोटी, वेळेवर येणं. मलाही उभं केलं. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं आहे.

गेल्या पौषात तू महिनाभर लेकीकडे अमेरिकेत राहून आलास आणि दुसऱ्याच आठवड्यात तुझी व्हॅन कऱ्हाटीला आमच्या डाळिंबाच्या बागेत येऊन थांबली. मी छाटलेल्या फांद्या गोळा करत होतो. तू खाली उतरलास तोच म्हणालास, "शंकर, हात धू. तुला तुझं गाव दाखवतो."

बॉनेटवर तू लॅपटॉप उघडलास. डबी टपावर ठेवलीस, तिची वायर मागं खोचलीस. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून बायकोची, सुमनची, जुनी काळी छत्री आणायला लावलीस. दहा मिनिटं आपण दोघं छत्रीखाली डोकं घालून उभे. तू सांगत होतास, वरचे उपग्रह सापडतायत, तीन झाले, अजून एक पाहिजे. मग एकदम आकडे आले. अठरा अंश आणि काही मिनिटं उत्तर, चौऱ्याहत्तर अंश आणि काही मिनिटं पूर्व. तू डबी हातात घेऊन बांधाच्या कडेकडेनं वायर पुरेल तेवढा चाललास आणि शेवटचा आकडा बदलला.

मी बारामतीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं अक्षांश-रेखांश शिकवले. फळ्यावर गोल काढून, त्यावर खडूच्या रेघा मारून. त्या रेघा आमच्या बागेतून जातात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तुला "खेळणं झकास हाय," एवढंच म्हणालो. आज सांगतो, त्या दुपारी मी फार सुखावलो होतो.

तुझा बेत ठरलेला होता. आठ दिवसांची रजा काढून आलेलास. बारामतीहून भिगवण, भिगवणहून इंदापूर, तिथून खाली निरवांगीकडं आणि मग माझ्या सासुरवाडीला. माझ्या सासुरवाडीचं नाव इथं लिहीत नाही, त्याचं कारण पुढं कळेलच. मी म्हणालो, "अरे, सासुरवाडीला जायला मला यंत्र कशाला पाहिजे? डोळे झाकून जाईन." तू म्हणालास, "तुला नको. मला पाहिजे."

अमेरिकेहून आणलेल्या नकाशाच्या चकतीवर त्यांच्या गल्लीबोळांची नावं होती, आणि आपल्या बाजूला नुसता पांढरा पडदा. पुणे-सोलापूर रस्त्याची एक तांबडी रेघ, बाकी काही नाही. तू बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांचे कागदी नकाशे पुण्यात तुकड्यातुकड्यानं स्कॅन करून आणले होतेस. आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या चार जागांचे आकडे द्यायचे, मग बाकीचा नकाशा आपोआप जागेवर बसतो, असं तू मला समजावलंस. त्या चार जागांसाठी आपण दुसऱ्या दिवशी सकाळपासून हिंडलो. कऱ्हाटीची शाळा, बारामतीचा एसटी स्टँड, भिगवणचं रेल्वे स्टेशन, इंदापूरचा फाटा. स्टँडवर तू डबी हातात धरून उभा होतास तेव्हा एक कंडक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, साहेब पाऊस मोजत्यात व्हय?"

भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी आपण मासे खाल्ले. तू मरळीचा तुकडा काट्यासकट फस्त केलास. डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं ना रे? मी आठवण केली तर म्हणालास, "ते पुण्यात." मी हसलो. थांबवायला हवं होतं की नको, हे आता अठरा दिवस मी मनात घोळवतोय. त्या ताटावर तू जेवढा खूश होतास तेवढा खूश मी तुला फार थोड्या वेळा पाहिलंय. म्हणून थांबवलं नाही ते बरंच केलं, असं सध्या ठरवलंय.

इंदापूर सोडलं आणि आपलं भांडण सुरू झालं. तू गाडी चालवत होतास, लॅपटॉप माझ्या मांडीवर. मांडी भाजत होती. पडद्यावर आपला ठिपका सरकत होता, पण नकाशा जुना, रस्ते नवे, आणि तूच सांगितलेलंस की त्या उपग्रहांच्या खुणेत अमेरिकेच्या लष्करानं मुद्दाम शंभर मीटरपर्यंत चूक ठेवलेली असते. एका ठिकाणी मी ओरडलो, "प्रभ्या, थांब, आपण कालव्यात हाय!" कालवा उजव्या हाताला कोरडा ठणठणीत पडला होता आणि ठिपका त्याच्या मधोमध.

तीन वाटा फुटल्या. एरवी एसटीतून थेट गावात उतरायची सवय, नव्या रस्त्यांत आपली वाट कुठली ते मलाही कळेना. मी काच खाली करून समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला हाक मारली, "ओ तात्या!" तू माझं मनगट धरलंस. "विचारू नको."

"अरे, पण समोर माणूस हाय. अर्ध्या मिनिटाचं काम."

"यंत्र सांगंल."

"यंत्र कालव्यात बुडलंय!"

तोवर तात्या जवळ आलेच. सायकलवरून एक पाय खाली टेकून म्हणाले, "कुठं निघालं पाव्हणं? कुणाकडं?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यांचा थोरला जावई, कऱ्हाटीचा.

"आरं तिच्या! म्हंजी मास्तर तुमी? मग चुलत्याच्याच घरचं की आमच्या. ह्या डाव्या वाटंनं जावा. आन् च्या घिऊन जावा, घर हितंच हाय." मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. "आन् हे?"

"हे पुण्याचे इंजिनिअर साहेब. माझे दोस्त," मी म्हणालो.

चहा नको म्हणून आपण निघालो. थोडं पुढं गेल्यावर तू बाभळीखाली गाडी लावलीस आणि इंजिन बंद केलंस. मला वाटलं, चिडलास. मी आपला वाद पुढं रेटला. म्हणालो, ही असली यंत्रं आली ना, की माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतील. वाट विचारायच्या निमित्तानं दोन शब्द होतात, ओळख निघते.

"ओळख निघते, तेच म्हणतोय मी," तू म्हणालास.

मग तू मला माझ्या लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितलीस.

प्रभाकर, बत्तीस वर्षं मी तुला त्यावरून छळलं. पहिलीपासूनचा दोस्त, कऱ्हाटीहून बारामतीच्या हायस्कुलात एका सायकलवर डबलसीट जाणारे आपण, आणि माझ्या लग्नात तू पोचलास अक्षता पडून चार तास झाल्यावर. फोटोत सगळे दोस्त आहेत, तू नाहीस. वर आल्यावर जेवायलाही बसला नाहीस. "पोट भरलंय," म्हणालास. मला तो आणखी एक अपमान वाटला. "एसटी चुकली," हे तुझं कारण मी कधी खरं मानलं नाही. मला वाटायचं, पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर तुला गावच्या दोस्ताचं लग्न किरकोळ वाटलं असणार.

बाभळीखाली तू म्हणालास, "एसटी वेळेवर होती. मी दहाला फाट्यावर उतरलो. ह्याच फाट्यावर. मुहूर्त बाराचा. एक माणूस मोट हाकत होता, त्याला विचारलं, लग्नाचं घर कुठं? त्यानं विचारलं, कुठनं आला? सांगितलं. कुणाचं? सांगितलं. आडनाव? तेबी सांगितलं. मग म्हणला, असं व्हय, तुमचं लगीन तिकडं हाय, वढ्याच्या पल्याड."

"मुद्दाम?"

"छ्या. चांगला होता माणूस. बैल थांबवून बांधापर्यंत आला वाट दाखवायला. पाणी दिलं." तू दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवलीस. "ओंजळीत वतून. त्याला वाटलं, ह्या आडनावाचा पोरगा लग्नाला आलाय म्हंजी ह्याच लग्नाला आला असणार. दुसऱ्या लग्नाला तो येईल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं."

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत त्या दिवशी खरंच लग्न होतं. मांडव घातलेला, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत बसलेले, बुद्धांची तसबीर मांडलेली, आणि सगळे खोळंबलेले. नव्या पद्धतीनं लग्न लावणारा माणूस पुण्याहून यायचा होता, तो आला नव्हता. वस्तीत कुणाला वंदना पाठ नव्हती. तेवढ्यात शर्ट-पँट घातलेला, पुण्याच्या एसटीनं आलेला पोरगा ओढा चढून वर आला. सगळा मांडव उठून उभा राहिला.

"मी सांगायला तोंड उघडलं, की मी तो न्हवं," तू म्हणालास. "पण त्या नवरीच्या बापानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणला, आलात, बरं झालं, पोरगी सकाळधरनं उपाशी बसलीया. मग काय सांगू? वसतिगृहात रोज सकाळी वंदना म्हणायचो, पाठ होती. लावलं लगीन. जेवल्याबिगर सोडंनात. मग पळत तुझ्याकडं आलो."

लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याचा आवाज आला, तेव्हा तू हात लांब करून तो मिटवलास.

"मला का सांगितलं न्हायस?"

"नवरदेवाला काय सांगायचं? आन् नंतर सांगितलं असतं तर तू त्या मोटवाल्याला शोधायला निघाला असतास. भांडायला. तुझी सासुरवाडी ती." मग तू जे म्हणालास ते मी शब्द न् शब्द लिहून ठेवतोय. "शंकर, तुला माणसं 'कुणाचं' म्हणून इचारत्यात ती च्या पाजायला. मला इचारत्यात ती मला कुठल्या बाजूला धाडायचं ते ठरवायला. आता तसं कमी झालंय, मला कळतं. पण फाट्यावर आलो की माझं तोंड उघडत न्हाय. हे यंत्र काय इचारत न्हाय. एवढंच मला बरं वाटतं बघ. माणसांनी बोलावं की, खुशाल बोलावं. इचारावं लागू नये."

मी म्हणालो, "पण तो माणूस वाईट नव्हता असं तूच म्हणतोस."

"वाईट असता तर सोपं होतं," तू म्हणालास आणि गाडी सुरू केलीस.

हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजून वाटतं की विचारल्याशिवाय माणसाला माणूस कळत नाही. पण विचारणारा मी आणि उत्तर देणारा तू, हे मी कधी उलटं करून पाहिलंच नव्हतं. सुमनला मी हे सगळं सांगितलं ते तू गेल्यावर. ती भाकरी थापत होती, हात थांबवून म्हणाली, "बत्तीस वर्षं तुम्ही त्यांना टोमणे मारलेत. उशीर का झाला, ते एकदा तरी नीट विचारलंत?"

खरं तर तू त्या दिवशी सासुरवाडीला निघालाच नव्हतास. तुला ती वस्ती शोधायची होती. नवरीचं नाव तुझ्या लक्षात होतं, कारण ते तूच मांडवात मोठ्यानं उच्चारलं होतंस. गयाबाई. कागदी नकाशावर ओढ्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. ठिपका पांढऱ्यात जाऊन थांबला. मी म्हणालो, उतरून विचारतो. तू म्हणालास, "तू बस." आणि स्वतः उतरलास.

उसाच्या कडेला एक बाई गवत कापत होती. तू तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिलास, चप्पल मातीत फिरवत. मग म्हणालास, "बाई, बौद्ध वस्तीत गयाबाई राहतात का कुणी?"

"कंच्या गयाबाई? अंगणवाडीच्या? ही काय, मागनं तिसरं घर. तुळईला मिरच्या वाळत घातल्यात बघा."

तिनं पुढं काही विचारलं नाही. तू माझ्याकडे वळून पाहिलंस तेव्हा मला हायस्कुलातला प्रभ्या दिसला, गणित सुटल्यावर मागं वळून बघणारा.

गयाबाई पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, दारात तांदूळ निवडत बसलेल्या. तू म्हणालास, "बाई, तुमच्या लग्नात मी वंदना घेतली होती." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "अवं, भाईर या! आपल्या लग्नातलं मास्तर आल्यात!"

तुला त्यांनी खाटेवर बसवलं, मला शेजारी. नवरा कारखान्यातून रिटायर झालेला, हसरा माणूस. बाई म्हणाल्या, "पुण्याला कुनी गेलं की इचारायचं, आमचं लगीन लावायला आलं हुतं ते मास्तर कुठं असत्यात. कुनाला ठाव न्हाय."

तेव्हा तू सगळं सांगून टाकलंस. पुण्याहून यायचा होता तो मी नव्हतो. मी ह्याच्या लग्नाला निघालेलो, वाट चुकलो.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाई पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजी वाट चुकलेल्या मानसानं आमचं लगीन लावलं?"

"तरी बरं चाललंय की," नवरा म्हणाला.

तू त्यांच्या दारात डबी ठेवून जागेची नोंद केलीस आणि तिला गयाबाईंचं नाव दिलंस. पडद्यावरच्या पांढऱ्यात एक बारीक खूण उमटली. बाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं. "हे आमचं घर व्हय? आन् बाकी समदं पांढरंच? बाकीची मानसं कुठं गेली मग?" तू म्हणालास, "घालायची हायत अजून." पुढच्या उन्हाळ्यात, रिटायर व्हायच्या आधी रजा साठवून, एकेक वस्ती नोंदवायचा तुझा बेत तिथंच ठरला. मी बरोबर यायचं कबूल केलं. तो उन्हाळा हा. मी बागेची कामंही त्या हिशोबानं आधीच उरकून ठेवली होती.

परवा मी गयाबाईंना सांगायला गेलो. एसटीनं सासुरवाडीला उतरलो, तिथून मेव्हणा भानुदास मोटारसायकलवर घेऊन आला. त्याला मी एवढंच म्हणालो होतो की ओढ्यापलीकडं एक निरोप द्यायचाय. बाई दारातच भेटल्या. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "पुनवंला विहारात त्यांच्या नावानं वंदना घिऊ आमी. नाव काय हुतं त्यांचं, समदं? त्या दिशीबी आमी मास्तर-मास्तरच करत बसलो."

भानुदास माझ्या शेजारी उभा होता. आणि प्रभाकर, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या सासुरवाडीत तुझं पूर्ण नाव मी कधीच घेतलेलं नाही. बत्तीस वर्षांत तू तिथं सात-आठ वेळा जेवलास. लग्नात 'माझा दोस्त प्रभाकर', नंतर 'पुण्याचे इंजिनिअर साहेब'. तुला कुणी काही बोलू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. तू प्रत्येक वेळी ते ऐकत होतास. त्या दिवशी सायकलवाल्या तात्यांपुढंही ऐकलंस, आणि बाभळीखाली गाडी लावून मला सगळं सांगितलंस, फक्त हे एक सोडून. तू ते मला का ऐकवलं नाहीस, ते आता कळायला मार्ग नाही.

मी गयाबाईंना सांगितलं, "प्रभाकर शिवराम कांबळे. कऱ्हाटी, तालुका बारामती." त्यांनी अंगणवाडीच्या वहीत लिहून घेतलं आणि बरोबर आहे का ते वाचून दाखवलं.

परत येताना भानुदासनं मोटारसायकल ओढ्यातून हळूच काढली. पलीकडे आल्यावर म्हणाला, "दाजी, सायेब कांबळे हुते व्हय?"

"व्हय."

"तुमी कंदी बोलला न्हाय."

"न्हाय बोललो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

घरी सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नजर गेलेली, कान शाबूत. "कुठं गेला हुतासा उन्हाचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं, की माझा दोस्त प्रभाकर कांबळे, आपल्या घरी माझ्याबरोबर जेवायला यायचा तो, वारला. वढ्यापल्याडच्या वस्तीत त्याची माणसं आहेत, त्यांना सांगायला गेलो होतो. भानुदास दारात उभा राहून ऐकत होता. सासूबाई काही वेळ जमिनीवरून हात फिरवत राहिल्या. त्या आता काय म्हणतील, 'सायेब' म्हणतील की नुसतं 'त्यो', इकडं माझा कान लागला होता. तुझ्या मरणाची बातमी सांगताना मी हे ऐकायला बसलो होतो, याची मला लाज वाटली.

"सायबास्नी लेकरं किती?" त्यांनी विचारलं.

एक मुलगी, मी सांगितलं. आणि मग त्या विचारत गेल्या आणि मी तुझ्याबद्दल सांगत गेलो, सुरुवातीपासून.